खलनायकाचे आकडे सगळ्यात शेवटी: कॅम्पेनसाठी बळकट खलनायक कसा घडवावा

पाच पानं टिपणं, हाताने काढलेला खाडीचा नकाशा, साडेतीन महिन्यांची वाट, आणि खलनायक दुसऱ्या राउंडला आडवा. हे माझ्याच पडवीत झालं, जुलैतल्या पावसात, डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट पुढे नेत खेळायचा हा खेळ. एका प्लेअरने 'होल्ड पर्सन' हा मंत्र टाकला, माझ्या चेटक्याचा विजडम सेव्ह, म्हणजे मंत्र टाळायचा फासा, फसला, तो उभ्या जागी थिजला. उरलेल्या चौघांनी जवळ जाऊन घाव घातले आणि लागलेला प्रत्येक घाव नियमाप्रमाणे क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा, ठरला. कुणी जल्लोष केला नाही. एकीने फक्त विचारलं, "संपला?"

तेव्हापासून डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवणारं जे कुणी भेटतं, त्यांच्याकडून मी हीच तक्रार ऐकतो. खलनायक लवकर मरतो, किंवा इतका अजिंक्य होतो की प्लेअर कंटाळतात. उपाय म्हणून हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा, वाढवले जातात. पण बहुतेक वेळा दुखणं आकड्यांत नसतंच, कामाच्या क्रमात असतं. आपण आधी नियमपुस्तक उघडून राक्षस निवडतो आणि मग त्याला गोष्ट चिकटवतो. हा क्रम उलटा करा. खाली मी माझ्या सध्याच्या कॅम्पेनमधला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीतला, एकच खलनायक शेवटपर्यंत नेला आहे: 'खाडीचा खोत'. टेबलावर खोत आडनावाचं कुणी असेल तर नाव बदला. गंमत एकदा होते, वर्षभर पुरत नाही.

आधीची तयारी

एक वही घ्या. फक्त या खलनायकाची. मोबाइलमधल्या टिपणांत तुम्हाला मागच्या चार सेशनची गोष्ट ऐन वेळी सापडत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक कॅरेक्टरपुढे दोन गोष्टी लिहा: त्याला सगळ्यात प्रिय काय आहे, आणि तो कशासाठी नियम मोडेल. दुसऱ्या पानावर मागच्या तीन लढायांत प्रत्येकाने एका राउंडला सरासरी किती डॅमेज केला तो आकडा. हा आकडा लढाई चालू असतानाच टिपायचा असतो, म्हणून खलनायक घडवायचा विचार असेल त्याच्या महिनाभर आधीपासून टिपायला लागा.

तिसरं काम मी कधीच टाळत नाही. प्लेअरना एकेकटं विचारा की कोणता विषय टेबलावर नको. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे विशेष जपायला हवं. माझ्या गोष्टीत बुडून मेलेली माणसं येतात, आणि आमच्या टेबलावर एकाच्या घरातला माणूस समुद्रावरून परत आलेला नाही. तो म्हणाला, "भूत चालेल, प्रेत मिळाल्याचा प्रसंग नको." एवढंच वाक्य, पण त्यावरून माझे दोन प्रसंग बदलले.

पायरी १: त्याला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहा

"त्याला जगावर राज्य करायचं आहे" हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यावरून उद्या सकाळी तो काय करील हे कळत नाही. त्याला हवी ती वस्तू हाताने दाखवता आली पाहिजे. जागा, किल्ली, माणूस, कागद, काहीही.

माझ्या खोताचं वाक्य असं: खोताला खाडीकाठच्या सातही गावांची खाजणं स्वतःच्या नावावर हवी आहेत, कारण वीस वर्षांपूर्वी त्याचा बांध फुटला तेव्हा एकही गाव मदतीला आलं नाही आणि त्या वर्षी त्याच्या घरात भूकबळी गेला.

खाजणाची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली ताकद लगेच कळेल. खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं आणि आत भात लावायचा. बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडतात, भरतीला बंद ठेवतात. ऐन भरतीत ती उघडी राहिली किंवा बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, हातचं पीक जातं आणि मीठ जमिनीत मुरलं की पुढची काही वर्षं भात धड येत नाही. म्हणजे उघाडी ज्याच्या हातात, गावाचं पोट त्याच्या हातात. असली एक जागा शोधा, जिथे छोट्याशा कृतीने मोठी माणसं गुडघ्यावर येतात. तलवारीपेक्षा तिची भीती जास्त टिकते.

तपासणी: वाक्यातलं "कारण" काढून टाका. खलनायक तरीही तसाच वाटतो का? वाटत असेल तर कारण पोकळ आहे. पुन्हा लिहा.

पायरी २: त्याची पकड मांडा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी दोन संध्याकाळी देतो.

बळकट खलनायकाला हात उचलावा लागत नाही. त्याच्यासाठी दुसरे उचलतात. खऱ्या खोतीचंही हेच होतं. खोताचा दरारा हत्यारापेक्षा वहीत होता: कुणाचं कूळ, कुणाचा किती खंड, कुणाची किती बाकी. आणि ती पकड कशी सैल झाली तेही बघण्यासारखं आहे. अलिबागजवळच्या चरी गावात शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन पडीक ठेवून संप केला. जमीन कसायलाच कुणी गेलं नाही की वहीतली बाकी नुसती शाई उरते. तुमच्या खलनायकाचीही पकड अशीच सुटणारी हवी, म्हणून ती धाग्यांत लिहा.

वहीत पाच माणसं लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने: तो खलनायकासाठी काय करतो, का करतो, आणि कशाने सुटेल. माझ्या पानावर असं आहे:

उघाडीचा राखणदार. रात्री फळ्या उचलतो. मुलीच्या लग्नाचं कर्ज आहे. कर्जाचा कागद जळाला तर सुटेल.

तांडेल. कोण कुठल्या होडीने आलं ही खबर देतो. जाळी खोताच्या पैशांची आहेत. त्याला दुसरा गिऱ्हाईक मिळवून दिला तर सुटेल.

देवळातला गुरव. काही करत नाही, फक्त गप्प बसतो. त्याने बांध फोडताना एकदा पाहिलंय आणि त्याला भीती आहे. अभय दिलं तर बोलेल.

खोताची बहीण. घर सांभाळते. तिला खोत मनापासून आवडतो. ती सुटणार नाही.

पाचवा गिऱ्हा, पाण्यातलं भूत. त्याच्याकडे पुढे येतो.

बहिणीकडे लक्ष द्या. पाचांत एक तरी माणूस असा असू द्या जो भीतीने किंवा पैशाने बांधलेला नाही, ज्याला खलनायक खरोखर चांगला वाटतो. प्लेअर सगळ्यात जास्त वेळ याच माणसाशी बोलतात.

सावधान: पाचाचे पंधरा करू नका. सेशन चालू असताना पाच माणसंच डोक्यात राहतात.

पायरी ३: प्लेअर झोपून राहिले तर काय होईल

प्लेअर येईपर्यंत खलनायक गुहेत बसून राहतो, ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. त्याचं वेळापत्रक लिहा, प्लेअर जणू त्या गावात आलेच नाहीत असं धरून.

आपल्या किनाऱ्यावर वेळापत्रक आयतं मिळतं. दिवसात दोन भरत्या, रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात मंद भरती. उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं, म्हणून माझा खोत बांध फोडतो तो फक्त उधाणाला. म्हणजे प्लेअरना साधारण पंधरा दिवसांची मुदत मिळते आणि तीही त्यांनी आकाशाकडे बघून स्वतः ओळखायची.

पहिल्या अमावास्येला सर्वांत गरीब गावाचा बांध फुटतो, अपघात वाटतो. पौर्णिमेला दुसरा, खोत स्वतःच्या कोठारातून भात वाटतो आणि अंगठे घेतो. पुढच्या अमावास्येला तिसरा आणि चौथा एकदम. त्यानंतरच्या पौर्णिमेला उरलेली तीन गावं न फोडताच कागदावर अंगठा देतात, कारण आता त्यांना नुसती भीती पुरते. माझ्या टेबलावर प्लेअरनी दुसऱ्या गावात पहारा ठेवला आणि तो बांध वाचवला. मी खोताला चिडवून लढाईला आणलं नाही. वही उघडली, दुसरं गाव खोडलं, आणि त्याने भात न वाटता भाव वाढवला. प्लेअरना कळलं की समोरचा माणूस विचार करतो.

तपासणी: प्रत्येक टप्प्यानंतर गावात डोळ्यांना दिसेल असा एक बदल लिहिलाय का? पांढरी पडलेली शेतं, बंद चूल, मोकळा गोठा. न दिसणारा कट प्लेअरच्या दृष्टीने घडलेलाच नसतो.

पायरी ४: आधी चाहूल, मग भेट, मग लढाई

खलनायक समोर येण्याआधी त्याच्या तीन खुणा प्लेअरना दिसू द्या, तीन वेगळ्या इंद्रियांनी. खोताच्या: उन्हाळ्यातही ओले असणारे पायांचे ठसे, पाठीमागून येणारा शेवाळाचा वास, आणि त्याचं नाव घेतलं की माणसं आवाज खाली आणतात ती सवय.

पहिली भेट अशा जागी घडवा जिथे हत्यार काढणं महाग पडेल. माझी भेट शिमग्यात होती. पालखी गावात फिरतेय, ढोल वाजतायत, आणि पालखीला खांदा दिलाय खोताने. तिथे त्याच्यावर वार करणं म्हणजे अख्खं गाव अंगावर घेणं. पालखी टेकल्यावर तो प्लेअरना ओटीवर घेऊन गेला आणि स्वतःच्या हाताने गूळपाणी दिलं.

"बसा, बाळांनो. उन्हातून आलात. आमच्या बांधाचं काम बघायला आलात म्हणे?"

एवढंच बोलला. त्यांच्यातल्या एकाने पाणी प्यायलं नाही. खोताने तो तांब्या उचलला, स्वतः अर्धा प्यायला आणि परत त्याच्यापुढे ठेवला. त्या तांब्याची आठवण ते अजून काढतात. धमकीचं लांबलचक भाषण लिहून ठेवू नका, प्लेअर मध्येच तोडतात. एक सवय, एक वस्तू आणि बोलण्याची एकच ढब ठरवा. माझा खोत कधी "मी" म्हणत नाही, "आम्ही" म्हणतो.

जमलं तर एक रात्र दशावतार बघा, शिकण्याच्या डोळ्याने. संवाद लिहिलेले नसतात, कलाकाराला कथानक आणि आपलं पात्र पक्कं ठाऊक असतं आणि बाकी सगळं रंगमंचावर सुचतं. राक्षस आला की आधी वाद्यं बदलतात, मग तो दिसतो, आणि बराच वेळ काही न बोलता फक्त जागा व्यापतो. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, याहून चांगली शिकवणी कुठे मिळेल असं मला वाटत नाही.

पायरी ५: कच्चा दुवा, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या तीन वाटा

खलनायकाचं बळ आणि त्याचा कच्चा दुवा एकाच वस्तूत असू द्या. बाहेरून चिकटवलेली मंतरलेली तलवार कुणाच्या लक्षात राहत नाही.

कोकणात गिऱ्ह्याबद्दल सांगतात ते माझ्या कामी आलं. गिऱ्हा पाण्यातला, बुडून मेलेल्याचं भूत, रात्री पाण्यातून जाणाऱ्याला खोलात नेणारा. पण ज्याने त्याचे केस कापून लपवून ठेवले त्याचा तो गुलाम होतो, आणि केस परत मिळवायला सारखा टपून असतो. मिळाले की धन्याचा सत्यानाश. खोताकडे चांदीची डबी आहे, तीत तीन केस आहेत. बांध फोडतो तो गिऱ्हा. खोताची सगळी ताकद त्या डबीत आहे आणि मरणही.

आता ही गोष्ट प्लेअरना कळणार कशी? एकच पुरावा ठेवलात तर तो हमखास हुकतो. तीन ठेवा, तीन वेगळ्या ठिकाणी. माझे: गुरवाने पाहिलेला प्रसंग, बहिणीच्या तोंडून सहज निघालेलं "दादा डबीशिवाय झोपत नाही", आणि ग्रामदेवतेचा कौल. कौल मला फार आवडतो, कारण देवाला हो किंवा नाही एवढंच विचारता येतं. प्रश्न नेमका काढायला प्लेअरना डोकं चालवावं लागतं. उजवा की डावा, उत्तर मात्र खरंच द्या. कौल एकदा खोटा निघाला की पुढे कुठल्याच सुगाव्यावर टेबलाचा विश्वास राहत नाही.

सावधान: प्लेअरनी तुम्ही न योजलेला, पण पटण्यासारखा चौथा मार्ग काढला तर तो चालू द्या.

पायरी ६: आता नियमपुस्तक उघडा

वहीच्या दुसऱ्या पानावरचे आकडे घ्या. माझ्या पाच प्लेअरची राउंडची सरासरी ११, १४, ९, १७ आणि ९ होती. बेरीज ६०. चुकलेले वार या सरासरीत आधीच धरलेले आहेत. लढाई पाच राउंड चालावी असं वाटत असेल तर खलनायकाच्या बाजूला एकूण ३०० हिट पॉइंट हवेत. हे सगळे एकट्याच्या अंगावर घालू नका. खोत १२०. गिऱ्ह्यासाठी मी २०१४ च्या पुस्तकातला वॉटर एलिमेंटल हा पाण्याचा राक्षस जसाच्या तसा घेतला, ११४. चार गडी प्रत्येकी १५. झाले २९४.

दुसरा हिशेब हालचालींचा, आणि माझा पहिला चेटक्या मेला तो इथेच. पाच प्लेअर राउंडला पाच अ‍ॅक्शन घेतात, एकटा खलनायक एक. कितीही बलवान असला तरी तो चिरडला जातो. लेजेंडरी अ‍ॅक्शन त्यासाठीच आहेत: राउंडला साधारण तीन, दुसऱ्याचा टर्न संपला की एकेक वापरायची. खोताची एक, गिऱ्ह्याची एक आणि या तीन, झाल्या पाच. गडी एकदम आणलेत तर पारडं दुसरीकडे झुकतं. दोन दुसऱ्या राउंडला आणा, दोन तिसऱ्याला.

होल्ड पर्सनसारख्या एका मंत्राने सगळं संपू नये म्हणून लेजेंडरी रेझिस्टन्स असतो. दिवसातून तीनदा फसलेला सेव्ह पास करता येतो. पण "नाही, तो वाचला" असं कोरडं सांगितलंत तर प्लेअरला आपला मंत्र फुकट गेला असं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. त्याची किंमत दिसू द्या. माझ्याकडे प्रत्येक वेळी डबीतला एक केस जळतो, धूर निघतो, गिऱ्हा किंचाळतो. दुसरा केस जळाला तेव्हा सगळं टेबल पुढे सरकलं होतं, कारण आता मोजणी त्यांना कळत होती. तिसरा जळाला की गिऱ्हा मोकळा.

तपासणी: खलनायकाचा सगळ्यात मोठा फटका सर्वांत अशक्त कॅरेक्टरला पूर्ण हिट पॉइंटवरून एका झटक्यात पाडतो का? पाडत असेल तर कमी करा. फायरबॉल या आगीच्या मंत्राचा सरासरी डॅमेज २८ असतो. ज्याचे हिट पॉइंटच ३० आहेत त्याच्यापुढे तो जपून टाका.

पायरी ७: लढाईची जागा

जागा अशी निवडा की उभं राहणंच एक प्रश्न व्हावा. माझी लढाई उघाडीवर, उधाणाच्या रात्री. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मध्ये दोन माणसं जेमतेम मावतील असा बांध, खाली कांदळवन आणि चिखल. चिखलात वेग निम्मा, म्हणजे तीस फुटांचे पंधरा. राउंडमधल्या पाळ्यांच्या क्रमात, म्हणजे इनिशिएटिव्हमध्ये, २० ला गिऱ्हा पाणी एक टप्पा वर आणतो: घोटा, गुडघा, कंबर, छाती. राउंड सहा सेकंदांचा असतो आणि खरी भरती चढायला सहा तास लागतात. तेव्हा पाणी चढतंय ते गिऱ्ह्यामुळे, हे प्लेअरना दिसेल असं सांगा. त्याला थांबवलं की पाणी थांबतं, हे त्यांचं त्यांना सुचू द्या.

आणि मारण्याखेरीज एक काम ठेवा. उघाडीच्या फळ्या खाली सोडायच्या आहेत, त्याला दोन अ‍ॅक्शन लागतात. कोण लढणार आणि कोण फळ्या सोडणार यावर प्लेअर भांडतात, ते भांडण होऊ द्या.

खलनायकाची पळवाट असेल तर आधीच वहीत लिहा. खोताची होडी कांदळवनात बांधलेली आहे. प्लेअरनी ती आधी शोधून दोर कापला तर तो अडकला, विषय संपला. ऐन वेळी सुचलेली गुप्त वाट, अचानक आलेलं धुकं, लपवून बदललेला फासा, यातलं काहीही प्लेअरना जाणवल्याशिवाय राहत नाही. महत्त्वाच्या लढाईत मी माझे फासे पडद्याबाहेर टाकतो.

पायरी ८: तो पडल्यावर

खोत ठरल्यापेक्षा लवकर मेला तरी त्याला जिवंत करू नका. पायरी २ चं पान उघडा आणि पाच धाग्यांचं काय झालं ते एकेका ओळीत लिहा. राखणदाराचं कर्ज आता कुणाला देणं आहे? तांडेलाची जाळी कोण मागायला येईल? बहीण खोताला चांगला माणूस मानत होती आणि तिने प्लेअरना ओटीवर गूळपाणी घेताना पाहिलंय. ती काय करील? गिऱ्हा मोकळा सुटला असेल तर तो खाडीतच आहे.

हे सगळं पुढच्या सेशनच्या आधी लिहून होऊ द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा उधाण येणार आहे, आणि त्या रात्री उघाडीच्या फळ्या सोडायला कोण जाणार हे गावात अजून कुणी ठरवलेलं नाही.